पाणी जाते कोठे?

मृग सरून आर्द्रा लागल्या, की बीदर-कलबुर्गीकडच्या आपल्या मराठी घरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते : कपडे वाळत नाहीत. पूर्वी पडवीतली दोरी आणि माजघरातली वलणी एवढीच साधने गृहिणीच्या हाती होती. आता भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या लहान गावांतही दोन टबांचे धुलाईयंत्र पोचले आहे. एका टबात कपडे धुवावयाचे आणि दुसऱ्यात, ज्याला आपण सारेच ‘ड्रायर’ म्हणतो, त्यात ते पिळून घ्यावयाचे. यंत्र आले तशी नवी तक्रारही आली. “सर, ड्रायरमध्ये पाणी उभं राहतंय. मोटार नुसती घुमते. नवीन टाकावी लागेल म्हणे!” पालकसभेला आलेल्या माता मुलांची प्रगती विचारून झाली की हेही विचारतात. त्यात वावगे काही नाही. मुलाचा ओला गणवेश हा अखेर शाळेचाच विषय आहे.

मोटार बदलणे ही साधी गोष्ट नव्हे. यंत्र पुष्कळदा हप्त्यांवर घेतलेले असते. कारागीर तालुक्याच्या गावाहून यावयाचा, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च निराळा. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी या यंत्राचे काम काय, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. ‘ड्रायर’ हे नाव काहीसे फसवे आहे. हे यंत्र कपडे वाळवीत नाही, पिळते. भोके असलेली आतली टोपली मिनिटाला सुमारे १३०० फेरे घेते. ओली छत्री गरकन फिरविली की थेंब चहूकडे उडतात, त्याच न्यायाने कपड्यांतले पाणी भोकांवाटे बाहेर फेकले जाते, बाहेरच्या टबाच्या तळाशी उतरते आणि नळीतून मोरीत जाते. या प्रकारच्या बहुतेक यंत्रांत पाणी उपसणारा पंप नसतो. पाणी जाते ते केवळ उताराने.

उताराचे महत्त्व बीदरकरांना निराळे सांगावयास नको. नौबादजवळची बहमनी काळातील कारेज आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. जांभ्या दगडाच्या पठारात मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून मंद उताराने पुढे नेण्याची ही योजना. तीत चाक नाही, मोट नाही; ठिकठिकाणी विहिरींसारखे उभे झरोके आणि सतत जपलेला उतार, एवढेच तिचे बळ. गाळ व राडारोडा साचला तेव्हा तीही अडली, आणि अलीकडच्या काळात गाळ उपसल्यावर तिच्यातील पाण्याला पुन्हा वाट मिळाली. यंत्राखालची हातभर नळी त्याच जातीची आहे.

तेव्हा ड्रायरमध्ये पाणी साचले, तर प्रथम भिंतीवरची पिन काढावी. केवळ बटण बंद करून भागत नाही. मग नळी पाहावी. तिचे तोंड टबाच्या तळाहून उंच आहे काय? भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये ती चेपली आहे काय? तिचे टोक मोरीतल्या तुंबलेल्या पाण्यात बुडाले आहे काय? मोरीचा उंबरा ओलांडून सोडलेली नळी कितीतरी घरांत दिसते. ड्रायरच्या तळाचे पाणी तो उंबरा चढून जात नाही. अशा ठिकाणी यंत्र भक्कम चौरंगावर ठेवले, की निम्मा प्रश्न सुटतो.

नळी सरळ असूनही पाणी हटत नसेल, तर आत काही अडकले आहे असे समजावे. कापसाचे तंतू, साबणाचा साका, लहान मुलाचा मोजा, हातरुमाल अशा वस्तू टोपलीच्या काठावरून निसटून तळाशी जातात. कपड्यांवर दाबून बसवावयाची प्लॅस्टिकची चकती याचसाठी दिलेली असते. ती अडगळीत टाकू नये. आणखी एक गोष्ट. अनेक यंत्रांत दोन्ही टबांचे पाणी एकाच नळीने बाहेर पडते. धुण्याच्या टबातले पाणी सोडलेले असतानाच ड्रायर चालविला आणि नळी अर्धवट तुंबलेली असली, तर ते पाणी ड्रायरमध्ये उलटे चढते. साबण जास्त झाला तर फेसही वाट अडवितो. आपल्याकडच्या कूपनलिकांचे पाणी बहुधा जड. त्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आपण तो आणखी घालतो, आणि त्याचा साका नळीत बसतो.

एक सोपी परीक्षा सांगतो. पिन काढलेली असताना रिकाम्या ड्रायरमध्ये तांब्याभर पाणी ओतावे. ते लगेच नळीतून बाहेर आले, तर वाट मोकळी आहे. दोष अन्यत्र असून ते काम कारागिराचे. ते आतच राहिले, तर वाट अडली आहे. आणि ते यंत्राच्या बुडाखालून फरशीवर आले, तर बहुधा दांड्याभोवतीचे रबर फाटलेले असते. मग यंत्र मुळीच चालवू नये, कारण मोटार तेथेच खाली असते. साचलेल्या पाण्यात टोपली फिरू लागली, की तिला वेग येत नाही, मोटार घुमते, तापते आणि अखेर जळते. दोष नळीचा आणि शिक्षा मोटारीला! अशा घरात नवी मोटार बसविली, तर तिचीही तीच गत होईल.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. ओल्या फरशीवर उभे राहून यंत्राला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर त्याच क्षणी ते वापरणे थांबवावे आणि घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. झाकण उघडल्यावर टोपली थोड्याच वेळात थांबली पाहिजे. ती फिरतच राहिली, तर कोवळ्या हातांना तिच्यासारखा धोका नाही. यंत्राची मागची बाजू घरी उघडू नये. आतील कपॅसिटरमध्ये पिन काढल्यानंतरही वीज साठून राहू शकते.

आता उरलेल्या पाण्याविषयी. पिळून काढलेल्या सुती कपड्यांतही त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरते. चार किलो कपडे म्हणजे सुमारे दोन लिटर. दारे-खिडक्या लावून ते घरात वाळत घातले, तर हे दोन लिटर जावयाचे कोठे? ते हवेत मिसळते आणि थंड जागा सापडताच पुन्हा पाणी होते. शहाबादी फरशीला पावसाळ्यात घाम फुटतो, तो असाच. जांभ्याच्या सच्छिद्र भिंती, रजया, पुस्तके सारी ओल धरतात, आणि मागोमाग बुरशी येते. अर्धवट वाळलेला गणवेश दिवसभर अंगावर राहिला, की मुलांना खाज आणि नायटा यांचा उपद्रव होतो. म्हणून समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या, दोन कपड्यांत चार बोटांचे अंतर ठेवावे, पंखा लावावा. पिळलेले कपडे ड्रायरमध्ये तसेच ठेवू नयेत, आणि काम झाल्यावर झाकण उघडे ठेवावे.

परदेशी असलेल्या लेकी-सुनांकडे गरम हवेचा खरा ड्रायर असतो. तेथेही प्रश्न हाच. कपड्यांतली वाफ रुंद नळीने घराबाहेर जाते. ती नळी मध्येच लोंबकळली, तर थंडीच्या दिवसांत वाफेचे पाणी होऊन त्या झोळात साचते आणि कपडे दमट राहतात. नळी आखूड, सरळ आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरती असावी. जाळीवरचे तंतू प्रत्येक खेपेस काढावे. ते साचले तर आग लागण्याचेही भय असते. काही ड्रायरांत वाफेचे पाणी एका टाकीत जमते. ती रिकामी करण्याचे तेवढे विसरू नये.

सारांश, कोणतेही यंत्र पाणी नाहीसे करीत नाही. ते फक्त पुढे ढकलते. पुढची वाट आपण राखावयाची असते. ती राखण्याचे काम एकट्या गृहिणीच्या माथी मारण्याचे कारण नाही. नववीतल्या मुलामुलींना बाष्पीभवन आणि केंद्रोत्सारी बल पाठ असते. येत्या रविवारी त्यांच्याच हाती नळी आणि तांब्या द्यावा.