दोन राऊटर, पत्ता मात्र एक

आपल्या दुकानदार व कारागीर बांधवांचा व्यवहार आज तारेवर आला आहे. यूपीआयचा पैसा, जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याची ऑर्डर, सारे इंटरनेटवर. ती लाईन तुटली की दुकान उघडे असूनही धंदा बंद.

महाड-पोलादपूरच्या माणसाला हे नवे सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्यात गेली, वीज गेली, फोन मुके झाले. तळियेला, तसेच पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळल्या.

यावर बरेचजण म्हणतात, दुसरे कनेक्शन घ्या. सल्ला अर्धाच आहे. सावित्रीवर महामार्गाचे दोन पूल शेजारी शेजारी होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. दुसरा पूल बाजूलाच उभा होता, पण त्या प्रवाशांना त्याचा उपयोग झाला नाही. पर्याय असणे वेगळे आणि ऐनवेळी त्यावर वळवणारा कोणी असणे वेगळे.

संगणकाच्या जगात हा वळवणारा १९९८ पासून आहे. त्याचे नाव व्हीआरआरपी. दोन राऊटर मिळून एकच काल्पनिक राऊटर होतात. दुकानातील संगणक, बिलाचे यंत्र यांना एकच पत्ता ठाऊक असतो. एक राऊटर मुख्य, दुसरा राखीव. मुख्य राऊटर साधारणपणे दर सेकंदाला 'मी हयात आहे' असा निरोप पाठवतो. तीन निरोप चुकले की राखीव राऊटर तोच पत्ता घेऊन तीन-चार सेकंदांत कामाला लागतो. दुकानात कोणाला काही बदलावे लागत नाही.

मात्र काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. राऊटर चालू आहे पण बाहेरची लाईन मेली, हे तो निरोप सांगत नाही. म्हणून लाईनवर नजर ठेवण्याची सोय जोडून घ्यावी. दोन्ही लाईनी एकाच खांबावरून आल्या तर खांबाबरोबर दोन्ही जातील. एक फायबर व एक मोबाईलची, तीही वेगळ्या कंपनीची असावी. यंत्रे वरच्या मजल्यावर आणि बॅटरीवर ठेवावीत. लाईन बदलताना अर्धवट राहिलेला पैशाचा व्यवहार आधी खात्यात तपासावा, मगच गिऱ्हाईकाकडे पुन्हा मागावा.

उमरठसारख्या गावातील एकट्या किराणा दुकानदाराला हा खर्च नको. त्याला वेगळ्या कंपनीचे दुसरे सिमकार्ड पुरे. पण महाडच्या एका इमारतीतील सहा-सात गाळेवाले, पतसंस्था, कर सल्लागार, वाहतूकदार यांनी वर्गणी काढून हे केले तर प्रत्येकावर भार थोडा पडतो. कंपनी फुकट देते त्या राऊटरमध्ये ही सोय बहुधा नसते. विकत घेण्यापूर्वी नाव घेऊन विचारावे.

बसवून झाल्यावर मे महिन्यातच मुख्य राऊटरची वायर मुद्दाम काढून पाहावी. दुसरा उभा राहिला नाही, तर दुरुस्तीला पावसाआधी वेळ हाती असतो.