तुटलेली प्लेट फेकू नका

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारणाऱ्यांपैकी एखाद्याच्या पायात धातूची प्लेट असते. ‘प्लेट टाकली, आता हाड पक्के,’ असा अनेकांचा समज असतो. खरे तर प्लेट हाड जोडत नाही. हाड स्वतःच जुळते. तोवर प्लेट त्याला आधार देते. हाड जुळायला उशीर झाला, तर काही मिलिमीटर जाडीच्या त्या पट्टीवर भार येत राहतो आणि एक दिवस ती तुटते.

ती अचानक तुटल्यासारखी वाटते, पण तयारी आधीपासून चाललेली असते. दिवसाला ५००० पावले चालणाऱ्याच्या एका पायावर २५०० वेळा भार येतो. तीन महिन्यांत सव्वादोन लाख वेळा. स्क्रूच्या भोकाजवळ बारीक तडा पडतो आणि पावलागणिक किंचित पुढे सरकतो. याला धातूचा थकवा म्हणतात.

हा तडा कसा वाढेल, हे आता संगणकावर पाहता येते. प्लेटचे हजारो छोटे भाग कल्पून प्रत्येकावरचा ताण मोजला जातो आणि तडा कुठे वळेल, किती फेऱ्यांत आरपार जाईल, याचा अंदाज बांधला जातो. विमानाच्या पातळ पत्र्यालाही हेच गणित लागू पडते. १९५४ मध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी विमाने हवेत फुटली. समुद्रातून काढलेले अवशेष आणि पाण्याच्या टाकीत केलेली चाचणी, यांतून धातूच्या थकव्याचा उलगडा झाला. ओझरला लढाऊ विमाने बनताना पाहिलेल्या नाशिककरांना या काटेकोरपणाचे मोल सांगायला नको.

रुग्णालयात मात्र हा काटेकोरपणा कमी पडतो. संगणकातला रुग्ण सांगितले तेवढाच भार देतो. अंबडच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणारा महिन्याभरात मशीनपुढे उभा राहतो, कारण घरी बसले तर पगार नाही. मग प्लेट तुटली की ‘पथ्य पाळले नाही’ म्हणून विषय संपतो. दोष चालण्याचा होता, न जुळलेल्या हाडाचा, मधुमेहाचा, बसवण्याच्या पद्धतीचा की धातूचा? काढलेली प्लेट कचऱ्यात गेली, तर हे कधीच कळत नाही आणि तोच दोष पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येतो.

वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून सुरू आहे. गाझियाबादचा भारतीय फार्माकोपिया आयोग तो चालवतो. तिथे डॉक्टर नोंद करू शकतात, तशी रुग्णालाही करता येते. तुटलेली प्रत्येक प्लेट जपून ठेवून तिची नोंद करणे रुग्णालयांनी नित्याचे काम मानले पाहिजे.

रुग्णांनीही प्लेटच्या कंपनीचे नाव व बॅच क्रमांक असलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावे. शस्त्रक्रियेच्या जागी नव्याने दुखू लागले, सूज आली किंवा पाय वाकडा वाटला, तर चालणे थांबवून एक्स-रे काढावा. त्या वेळी दिवसभर किती उभे राहावे लागते, हे डॉक्टरांना खरे सांगावे. डॉक्टरांनीही ते न रागावता ऐकून कागदावर लिहावे.