घाटकोपरचं होर्डिंग आणि तुमचा मोबाइल : ‘ओसिंट’ म्हणजे नेमकं काय?

१३ मे २०२४. दुपारी धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं. त्याच वादळात वडाळ्यात पार्किंगचा लोखंडी टॉवरही पडला. दोन्हींचे व्हिडिओ मुंबईकरांच्या मोबाइलवर एकापाठोपाठ येऊन धडकले. यातला कुठला व्हिडिओ कुठला, हे कसं ओळखायचं?

इथे ‘ओसिंट’ कामी येतं. कुणालाही पाहता येईल अशा माहितीवरून, म्हणजे फोटो, व्हिडिओ, नकाशे, सरकारी कागदपत्रं यांच्या आधारे सत्य शोधणं. ‘बेलिंगकॅट’ने याच पद्धतीने २०१४ मध्ये युक्रेनवर पाडलेल्या एमएच१७ विमानाचा छडा लावला.

उघड माहिती काय सांगते?

पालिकेच्या नियमानुसार होर्डिंगची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट. छेडानगरचं होर्डिंग होतं १२० बाय १२० फूट, म्हणजे क्षेत्रफळ नऊ पट! त्याची नोंद ‘लिम्का बुक’मध्येही झाली होती. थोडक्यात, धोका लपलेला नव्हता, हायवेवरून रोज दिसत होता.

मग आकडे का बदलतात?

दुसऱ्या दिवशी सकाळी मृतांचा आकडा १४ होता. पुढे तो १७ वर गेला. आधीची बातमी खोटी नव्हती. ती त्या वेळेपुरती खरी होती. म्हणून आकड्यासोबत वेळ हवीच.

जागेचंही तसंच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७४ मिमी. ‘मुंबईत इतका पाऊस’ असं म्हणताना मुंबई कुठली, हे सांगावंच लागतं.

तुम्ही काय करू शकता?

- व्हिडिओतल्या दुकानांच्या पाट्या, पूल, बसचा नंबर पाहा आणि स्ट्रीट व्ह्यूशी ताडून बघा.
- एखादी फ्रेम गूगल लेन्सवर टाका. जुना व्हिडिओ असेल तर बहुतेकदा तिथेच पकडला जातो.
- ‘मूळ व्हिडिओ कुणी, कधी काढला?’ हे विचारा. ‘फॉरवर्डेड’ हे उत्तर नव्हे.

गर्दीही चुकते

२०१३ च्या बोस्टन बॉम्बस्फोटानंतर ‘रेडिट’वरच्या हौशी शोधकांनी एका निरपराध विद्यार्थ्यालाच संशयित ठरवलं. आपल्याकडे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं.

म्हणून एक रेघ आखून घ्या : जागा शोधा, वेळ शोधा, कागद शोधा, माणसाला मात्र गुन्हेगार ठरवू नका. ते काम तपास यंत्रणेचं आणि कोर्टाचं आहे.

आणि खात्री नसेल तर? फॉरवर्ड करू नका. पाच मिनिटं उशिरा पोहोचलेल्या बातमीने सहसा काही बिघडत नाही. चुकीच्या बातमीने जीव जातो.