पडद्यापुढचे दोन तास

पहिला पगार झाला, दुसरा झाला. आता तुम्ही मोबाइलवर विमानाचं तिकीट काढताय आणि इकॉनॉमीच्या शेजारी दुसरा आकडा दिसतोय. तिप्पट. बोट तिथं थबकतं. ‘एकदा बसून तर बघू’ असं मनात येतं. ओतूर, उदापूर, डिंगोरे या पट्ट्यातून पुण्या-बंगळूरला नोकरीला गेलेल्या तुमच्यापैकी अनेकांचं बोट असंच थबकलं असणार. ते पुढं सरकण्याआधी थोडं बोलू.

आधी एक गैरसमज काढून टाका. देशातल्या देशात उडणाऱ्या छोट्या विमानांत ज्याला आपण ‘फर्स्ट क्लास’ म्हणतो, तो बिझनेस क्लास असतो. पुढच्या आठ-बारा सीट, दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि मागे पडदा. देशात सगळ्यात जास्त प्रवासी नेणाऱ्या इंडिगोनं २००६ पासून अठरा वर्षं हा प्रकार ठेवलाच नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर त्यांनी ‘स्ट्रेच’ नावानं बारा सीट आणल्या, सुरुवातीचं भाडं १८,०१८ रुपये. दोन सीटमधलं अंतर अडतीस इंच. इकॉनॉमीत ते साधारण अठ्ठावीस ते तीस असतं. म्हणजे गुडघ्यांना आठ-दहा इंच जास्त, रुंद सीट, जेवण, वेगळी रांग आणि बॅग लवकर हातात. त्यात सरकारचाही वाटा बघा : २२ सप्टेंबर २०२५ पासून या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे, इकॉनॉमीवर ५ टक्के.

आता आपल्या भाषेत हिशेब करू. त्याच मार्गावर इकॉनॉमी सहा हजारांत मिळतंय असं धरा. फरक बारा हजारांचा. ओतूरच्या बाजारात कांद्याला किलोला पंधरा रुपये भाव धरला, तर हे आठशे किलो कांदे झाले. पन्नास किलोच्या सोळा पिशव्या. लागवड, खुरपणी, काढणी, काटणी, वखारीतली नासाडी आणि बाजाराचा खर्च यात धरलेलाच नाही. दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासासाठी सोळा पिशव्या.

हा हिशेब मांडला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘माज आलाय पोराला.’ इथं मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. शहरातल्या पोरानं हेच तिकीट काढलं की तो ‘एक्स्पिरियन्स’ असतो, आपल्या पोरानं काढलं की माज. हे काय बरोबर नाही राव. आपल्यापैकी अनेकांना जागेचं राजकारण एसटीत कळलं. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची, आणि ‘विधानसभा सदस्य’ असं लिहिलेल्या सीटवर बिनधास्त बसायचं, कारण त्या सीटवर आमदार बसलेला कुणी पाहिलेलाच नाही. बरं, एसटीची मानाची एसी बस म्हणजे ‘शिवनेरी’. नाव आपल्या तालुक्यातल्या किल्ल्याचं, पण तिची ओळख झाली ती मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर. तेव्हा पुढच्या सीटवर बसायचा हक्क कुणाचा, हे आपल्याला कुणी शिकवू नये.

२००९ मध्ये सरकारनं काटकसरीचा आग्रह धरला, तेव्हा शशी थरूर इकॉनॉमीला ‘कॅटल क्लास’ म्हणाले आणि गदारोळ झाला. बेल्ह्याच्या बाजारातून टेम्पोत उभा राहून आलेला बैल ज्यांनी पाहिलाय, त्यांना इकॉनॉमीची सीट म्हणजे चैनच वाटेल.

बैलाचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकू. जुन्नर-आंबेगावात थोड्या वेळासाठी मोठा पैसा घालणं कुणाला नवीन आहे का? बैलगाडा शर्यतीची बारी काही सेकंदांत संपते. त्या सेकंदांसाठी गाडामालक वर्षभर बैलांना खुराक घालतो, लाखांनी बैल घेतो. २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा अख्खा भाग लढायला उभा राहिला, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतीचा कायदा उचलून धरला. घाटात उभ्या असलेल्या माणसाला ‘एवढ्या पैशात एवढाच वेळ?’ असं विचारून बघा, तो तुमच्याकडं कीव करून बघेल. मग विमानातले दोन तास कमी म्हणून पैसे वाया, हा युक्तिवाद आपल्या तोंडी शोभत नाही.

फरक दुसरीकडं आहे. बारी एकट्याची नसते. भंडारा उधळला की गाव पिवळं होतं, बैल कुणाचेही असोत, ‘आपल्या गावचा गाडा’ म्हणून आरोळी उठते. बिझनेस क्लासमध्ये तुम्ही एकटे बसता, वर पडदाही ओढलेला. बघायला कुणी नाही, म्हणून मग रील काढावं लागतं. शूज दिसतील असे लांब केलेले पाय, काचेच्या ग्लासातला ज्यूस, खाली लोकेशन. लाइक करणाऱ्यांत गावाकडचे निम्मे. पण त्यांच्यापैकी कुणाच्या अंगावर भंडारा पडत नाही. खरं सांगा, ते रील काढायचं नसेल तरी तुम्ही ते तिकीट काढाल? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल काढा. पैसे तुमचे, घाम तुमचा.

उत्तर अडखळत असेल तर प्रवासाचा नकाशा समोर ठेवा. ओतूरहून लोहगाव शंभरेक किलोमीटर. नारायणगाव, मंचर, खेड आणि मग चाकण. चाकणच्या कोंडीत बिझनेस क्लास नसतो. मुंबईचं विमान असेल तर माळशेज, आणि पावसाळ्यात धुकं असेल, दरड असेल तर देवाचं नाव. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं. असा सात-आठ तासांचा दिवस आणि तुम्ही पैसे मोजताय त्यातले दोनच तास मऊ करायला. त्यापेक्षा घरापासून लोहगावपर्यंत चांगली गाडी करा. खरा त्रास त्याच टप्प्यात आहे, विशेषतः सोबत वयस्कर माणूस असेल तर.

आणि सोबत कुणी असावंच, असं मला वाटतं. तुमच्या आईला महिला म्हणून एसटीचं अर्धं तिकीट लागतं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर फुकट. तालुक्याबाहेर जायचं म्हणजे देवदर्शन, दवाखाना किंवा लग्न, एवढंच त्यांना माहीत. एका बिझनेस तिकिटाच्या पैशात इकॉनॉमीची तीन तिकिटं येतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल तर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा, ती इकॉनॉमीच्या प्रवाशालाही मिळते. पाय पसरायला जागा हवी असेल तर थोडे जास्त पैसे भरून पहिल्या रांगेतली सीट निवडता येते. आपत्कालीन दाराजवळची मात्र वयस्करांना देत नाहीत, तिचा नाद सोडा. एवढं करूनही गुडघा वाकतच नसेल, तर वडिलांसाठी बिझनेसचं तिकीट काढा आणि त्यांना आकडा सांगू नका. कंपनी पैसे भरत असेल तर प्रश्नच मिटला.

बुकिंग करताना एक गोष्ट मात्र बघून घ्या. पुढं एका बाजूला दोनच सीट असतात, तिघं गेलात तर एक जण पलीकडं जातो. मागं तीन. खिडकी आईला द्या. ती ‘मला काय करायचीय खिडकी’ म्हणेल, तरी द्या. कडेची वडिलांना, म्हणजे पाय बाहेर काढता येतो. मधल्या सीटवर तुम्ही बसा. विमान सुटताना दोन्हीकडून कुणीतरी तुमचा हात धरणार आहे.