फळ्यावरची चौथी ओळ

कॉलेजच्या दारात ‘आजचा दिनविशेष’ लिहिलेला फळा असतो ना, त्यावर येत्या २६ जुलैला काय असेल ते आत्ताच सांगता येईल. १९०२ : राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात भरायच्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. १९९९ : कारगिल विजय दिवस. २००५ : मुंबईत प्रलय, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. तीन ओळींत फळा भरतो, आणि आपलं स्टेटसही.

पण मित्रांनो, आपण महाड-पोलादपूरचे. २००५च्या त्याच २५-२६ जुलैला महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते इथं दरडी कोसळल्या. दोनशेच्या आसपास माणसं गेली. ही चौथी ओळ आपल्याच फळ्यावर का नसावी?

एका तारखेला चार गोष्टी घडणं हा योगायोग. त्यातलं काय लक्षात ठेवायचं, हे मात्र आपण ठरवतो. १६ वर्षांनी, २२ जुलै २०२१ला, पुन्हा तेच झालं. तळियेत ऐंशीहून अधिक जीव गेले. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. फळ्यावर ओळ असती तर हे टळलं असतं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण जुलैतल्या संततधारेत डोंगराला नवी भेग दिसली, झाड किंवा विजेचा खांब कलला, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर ‘बघू सकाळी’ म्हणायचं नसतं, लगेच बाहेर पडायचं असतं. जुई आणि तळिये ज्याच्या लक्षात आहे, त्याला हे दोनदा सांगावं लागत नाही.

तुमच्यातल्या अनेकांचा २००५ला जन्मही झाला नव्हता. पण तो पाऊस पाहिलेली माणसं अजून घराघरांत आहेत. या २६ जुलैला आजी-आजोबांजवळ, काका-मावशीजवळ बसा. पाणी कुठवर आलं होतं, माती कुठून सुटली, आधी काय दिसलं होतं, लोक कुठं थांबले, सगळं विचारा आणि वहीत उतरवा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.

आणि सकाळी कॉलेजात गेलात की खडू हातात घ्या. वरच्या तीन ओळी पुसू नका, त्या आपल्याच आहेत. फक्त खाली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते एवढी चार नावं लिहा.