सेलम पाहावे एकट्याने

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला आलेल्या आईवडिलांचे दिवस कसे जातात, हे आपण सारेच जाणतो. शनिवार-रविवार नायगारा, वॉशिंग्टन, मॉल. सोमवार ते शुक्रवार खिडकी. "एकटे कुठे जाणार? चुकलात तर?" या काळजीपोटी धडधाकट माणसे घरात बसून राहतात. बोस्टनच्या आसपास राहणाऱ्यांनी तरी त्यांना एक दिवस सेलमला एकटे जाऊ द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून सेलम गाडीने अर्ध्या तासावर. गाव जुने, समुद्राकाठचे आणि पायी फिरण्याजोगे. घाईत येणाऱ्यांना तिथे फक्त चेटकिणी दिसतात. १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ निरपराध माणसांना फाशी दिले गेले. आज त्याच नावावर टोप्या आणि झाडू विकले जातात. ऑक्टोबरात तर पाय ठेवायला जागा नसते. तो महिना टाळावा.

या दुकानांना वळसा घालून सरळ डर्बी धक्क्यावर जावे. सुमारे अर्धा मैल समुद्रात गेलेल्या या धक्क्याच्या गावातून एके काळी जहाजे हिंदुस्थानला जात. १७८९ साली 'पेगी' नावाच्या जहाजाने मुंबईचा कापूस येथे आणला. १७९९ मध्ये येथील दर्यावर्दींनी एक संस्था काढली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून गेलेल्यालाच तिचे सभासदत्व मिळे. त्यांनी जमवलेल्या वस्तूंतूनच आजचे पीबॉडी एसेक्स म्युझियम उभे राहिले. अमेरिकन कप्तानांशी व्यवहार करणारे मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र त्याच्या संग्रहात आहे.

आपल्या लोकांचा या देशाशी संबंध १९६५ च्या कायद्यानंतरचा, असे आपण धरून चालतो. मुंबईचे नाव मात्र या गावाला त्याआधी पावणेदोनशे वर्षे ठाऊक होते. आयुष्य मुंबईत काढलेल्या माणसाला त्या धक्क्यावर तासभर उभे राहावेसे वाटेल. बरोबरची मंडळी घड्याळ पाहत असली, तर ते कसे जमावे?

१८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी घरचे एकही माणूस सोबत नसताना कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस आल्या. इथे तर प्रवास अर्ध्या तासाचा आहे. खिशात फोन, पत्त्याची चिठ्ठी आणि परतीचे तिकीट द्या, डब्यात दोन पोळ्या द्या, आणि निरोप द्या. संध्याकाळी त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असेल. ते ऐकायला मात्र वेळेवर घरी या.