खेळाच्या तासाला खेळच हवा

परीक्षा जवळ आली की खेळाच्या तासाला गणित घेतात. हे मला पटत नाही.

खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. त्यांना हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. खाशाबांनी १९५२ साली कुस्तीत कांस्यपदक आणलं. आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं.

आजी म्हणते, "बाई हो, पण गणिताची." मी मात्र खेळाची बाई होणार. त्यासाठी पदवीनंतर २ वर्षं बी.पी.एड. करावं लागतं. म्हणजे अभ्यास काय सुटत नाही! पळताना जो मागं राहतो, ज्याला दम लागतो, त्यालापण मी शिकवीन. भिंतीकडेला बसणाऱ्या मुलींना आधी मैदानात आणीन.

पालकहो, आमचा खेळाचा तास आम्हाला मिळवून द्या.